हाताला लागेना

मिस्त्रीला सगळे नाडीमिस्त्री म्हणत. नवखा माणूस हे ऐकून आधी त्याच्या कमरेकडे बघायचा, मग कुणीतरी हसून समजावायचं, अरे बाबा, ती नाडी नव्हे, ही मनगटातली! गाडी आजारी पडली की हा गडी आधी लोखंडावर तळवा टेकायचा, डोळे मिटायचा आणि मग सांगायचा. बेअरिंग गेलंय म्हणाला की गेलंय, पैज नको. बाकीचे मिस्त्री गाडी कानांनी ऐकतात, याचे कान तळव्यात होते.

नेमक्या त्याच हातांना मुंग्या आल्या. आल्या त्या जाईनात. पुढे मुंग्याही गेल्या आणि मागे काहीच उरलं नाही. शुगरनं बोटांच्या नसा खाल्ल्यात, डॉक्टर म्हणाले. हा "बरं" म्हणाला, गॅरेजला परत आला आणि अर्धवट राहिलेलं चाक बसवायला लागला. कुणाला सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच. हात गेले म्हणजे धंदा गेला, हे सांगायला ज्योतिषी कशाला लागतो? एकदा सायलेन्सरला हात टेकला गेला. कातडं जळाल्याचा वास आला, आणि कुणाचं काय जळतंय म्हणून हा इकडेतिकडे बघतोय! पट्टी बांधताना बायकोनं विचारलं, "फार दुखतंय का हो?"

"दुखणार नाही तर काय!" तो म्हणाला. चक्क खोटं बोलला. दुखलं असतं तर किती बरं झालं असतं.

बधिरपणा बोटांवरच थांबला असता तरी चाललं असतं. पण मुलीचा फोन आला, नोकरी लागली म्हणून, तेव्हा हा "छान झालं" म्हणाला, फोन ठेवला आणि आपल्याला आनंद झालाय का ते चाचपत बसला. तिथेही हाताला काही लागलं नाही.

अशात डोंगरावरच्या मोबाइल टॉवरची गाडी आली. वरच्या जनरेटरला डिझेल पोचवायचं तिचं काम, आणि ड्रायव्हर म्हणजे तोंडाचा पट्टा.

"मिस्त्री, चारी चाकांचं फोर बाय फोर लागतं, पण लो, तो डोंगराचा संथ गिअर, काही नीट लागत नाही. गिअरशेजारचा छोटा दांडा ओढला की लागल्यासारखा वाटतो आणि जोर आला की सुटतो. परवा भर उतारावर सुटला ना! लो म्हणजे गाडीला मागून धरून ठेवणारा हात, तोच सुटला तर काय? ब्रेकमधून धूर निघाला. जीव मुठीत धरून खाली आलो. आता लो लागल्याशिवाय मी काही वर जात नाही."

मिस्त्री गाडीखाली शिरला. मोठ्या गिअरबॉक्सच्या पाठीला छोटा बॉक्स चिकटलेला असतो, लो त्याच्या पोटात. त्यावर तळवा टेकून तो ओरडला, "ओढ रे दांडा!"

आत गिअर सरकला की तळव्याला टिचकी बसते. एरवी बसायची. तो वाट बघत राहिला.

"अरे, ओढ की!"

"केव्हाच ओढला!" वरून उत्तर आलं.

म्हणजे आत काही हलतच नाही. बॉक्स ज्या रबरावर बसतो त्यावर त्यानं सवयीनं अंगठा दाबला. दिसायला रबर काळंकुळकुळीत, धडधाकट. अंगठा काहीच बोलला नाही, हाही पुढे सरकला. "गिअर ढकलणारा फोर्क तुटलाय," त्यानं बाहेर येऊन सांगितलं. "बॉक्स उतरवून खोलावा लागेल." नाडीमिस्त्री म्हणाला म्हणजे झालं. ड्रायव्हरनं मान डोलावली.

बॉक्स उतरवला, खोलला. फोर्क अख्खा, गिअरचा दातन् दात शाबूत. डिझेलनं धुऊन पुन्हा बघितला. काही नाही. धडधाकट माणसाचं पोट चिरून ठेवलं होतं यानं! लाज वाटायला हवी होती. तीही वाटेना, आणि याचीच त्याला भीती वाटली. मुकाट्यानं सगळं परत बसवलं. दुखणं जिथल्या तिथे. ड्रायव्हर आता गप्प होता, आणि असला बडबड्या गप्प बसला म्हणजे समजून जावं. फोन करतो म्हणून तो बाहेर गेला.

मिस्त्रीनं स्पेअरपार्टच्या काउंटरवर बसलेल्या बायकोला हाक मारली. "अगं, जरा इकडे ये. गाडीखाली जा."

"मी? गाडीखाली? या वयात? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?" बायको म्हणाली. पण त्याचा चेहरा बघितला आणि पोतं अंथरून आत सरकली. त्यानं तळवा कुठे टेकायचा ते दाखवलं आणि वर बसून दांडा ओढला.

"काय लागतंय हाताला?"

"टिचकी लागली. पण थांबत नाही हो, जाते आणि मागे येते."

"नक्की लागली?"

"लागली की! न लागायला काय झालं?"

टिचकी पहिल्यापासून लागत होती तर. तो म्हणाला, "बॉक्सखालच्या त्या काळ्या रबरावर अंगठा दाब."

"अगंबाई, याचं तर लोणी झालंय!"

एवढंच होतं. तेल पिऊन रबर बसलं, बॉक्स खाली झुकला, आणि दांडा पूर्ण जायच्या आधीच, तो ज्या भोकातून वर येतो त्या पत्र्याला अडायला लागला. गिअर अर्धाच बसायचा नि सुटायचा. पत्र्याच्या कडेला घासल्याची लकाकी होती. इतका वेळ डोळ्यांसमोर होती.

नवं रबर टाकलं. ड्रायव्हर गॅरेजमागच्या चढावर जाऊन लोमध्ये खाली आला आणि खिडकीतूनच ओरडला, "बसला, मिस्त्री! काय जादू आहे हो तुमच्या हातात!"

गाडी गेली. बायकोनं नळावर हात धुतले, येऊन त्याच्याशेजारी बाकावर बसली आणि त्याच्या हातावर हात ठेवला. ठेवलेला त्याला दिसला.

"माझा हात गार आहे का गरम?" तिनं विचारलं.

आत्ताच धुतलाय, ओला आहे, म्हणजे गार असणार. असे अंदाज बांधूनच तर त्यानं इतके दिवस काढले होते.

"सांगता येत नाही गं," तो म्हणाला.

तिनं हात काढला नाही. तो त्या हाताकडे बघत राहिला. नजर वळवली असती तर हात आहे का गेला, हे त्याला कळलं नसतं.