तामड्याची माळ

यशवंतदादाला ऊन लागलं, असं सांगत वैनगंगेवरून माणूस धावत आला तेव्हा मी भाजी निवडत होते. खरं सांगायचं तर मला आधी रागच आला... वैशाखातल्या दुपारी नदीच्या रेतीत जाऊन बसणाऱ्याला ऊन नाही तर काय लागणार? बैलगाडीतून बालाघाटच्या दवाखान्यात नेईपर्यंत माझा भाऊ गेला होता. महिना उलटला, माझा राग तसाच आहे.

दादा शाळेत इतिहास शिकवायचा. नागपूरला शिकत असताना एका जाड पुस्तकात त्यानं सोन्यात जडवलेल्या लाल दगडांचा रंगीत फोटो पाहिला होता. बारा-तेराशे वर्षांपूर्वीचा, समुद्रापलीकडच्या कुण्या राजाचा दागिना. त्यातला तामडा, म्हणजे तो काळसर लाल दगड, हिंदुस्थानातून व्यापाऱ्यांच्या हातोहाती तिथवर गेला असावा, असं खाली लिहिलं होतं. राजाशी दादाला काही देणंघेणं नव्हतं. त्याला आठवली आमच्या घरातली माळ, तशाच मण्यांची, पणजीच्याही आधीपासून देवीच्या गळ्यात असलेली. "इंदू, हे मणी आपल्याच लोकायनं घासले असतीन," तो मला म्हणाला. "आपल्याले इतिहासच नाही म्हन्तेत. माळ समोर ठेवली का तोंडं बंद होतीन." नागपूरच्या त्याच्या प्राध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, वस्तू आणा, मग बोलू.

वस्तू आणायची कुठून? बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच वर्षी मायनं घरातले देव टोपलीत भरून वैनगंगेत सोडले होते, माळेसकट. दादा तेव्हा नागपूरला होता.

"माय, माळ तरी काढून घ्याची होती वं!" दादा म्हणाला.

"देवी गुलामीची अन् तिचा दागिना आपला, असं असते काय?" माय कडाडली. "टाकलं तं टाकलं. पुन्हा तिच्याच मांगं लागला काय रे तू?"

मला दोघांचंही पटायचं. पाणी उतरलं की दादा दर उन्हाळ्यात रेती उकरायला जायचा. पोरं त्याला रेतीमास्तर म्हणायला लागली. लग्नाचं नाव काढलं की उठून जायचा. मायशी बोलणं तर जवळजवळ सुटलंच. गेला त्याच्या आदल्या दिवशी मी दारातच त्याचा हात धरला. म्हटलं, "दादा, दरसाल पूर येते. माळ काय तिथंच बसली असंन?" तो म्हणाला, "मले समजते वं... पण घरी बसून तरी काय करू?" डोळे असे झाले होते की मी हात सोडला.

आता माय जाते नदीवर. मोतीबिंदूनं तिला धड दिसत नाही, तरी जाते. अडवलं तर म्हणते, "तो शोधे तवा मी एक डावही खाली उतरली नाही." संध्याकाळी ती परत येते, पदराची गाठ सोडते आणि खडे माझ्यापुढे ओतते. "भोक हाय का पाय, इंदू. मण्याले भोक असते." मी एकेक खडा चिमटीत धरून बघते. कशालाच भोक नसतं.

"माय, उजेड कमी हाय, उद्या पाहू," मी म्हणते.

"हौ," ती म्हणते, आणि सगळे खडे चाचपून पुन्हा पदरात बांधून घेते.