तोंडी होकार

दत्तूनानांना मान हलवलेली चालत नसे. "जेवलास काय रे?" या प्रश्नावर मी नुसती मान डोलावली की ते तिथेच थांबून राहात. "तोंडान सांग. मान बैलपण हलवतो." एकदा राजापूरच्या एसटीत, गाडी आमच्या फाट्यावर थांबेल असं कंडक्टरने शब्दांत कबूल करेपर्यंत त्यांनी तिकीट घेतलं नव्हतं.

ही खोड त्यांना कामातून लागली असावी. नाना गावचं गाऱ्हाणं घालत. शिमग्यात पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या चौथऱ्यावरून, उठण्याआधी देवासमोर उभं राहून साऱ्या गावाच्या वतीने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. ते पुरं झाल्याशिवाय पालखीला खांदा लागत नाही. मी रत्नागिरीच्या कॉलेजात शिकवतो, त्यामुळे भाषणं भरपूर ऐकली आहेत. ऐकणाऱ्यांवर दर वाक्याला जबाबदारी टाकणारं हे एवढंच.

गावकीचे प्रमुख बापू. त्यांच्या भावाने सगळ्यांच्या जाण्यायेण्याच्या पाखाडीवर चिऱ्यांचा गडगा घालून वाट अडवली. 'ही वाट गावाची' असं तहसीलदारांसमोर सांगितलं ते साऱ्या गावात एकट्या सुमनवहिनींनी. गडगा पडला. आज त्या वाटेने सगळे जातात, बापूंचा भाऊसुद्धा. पण शिमग्यात घरोघर जाणारी पालखी वहिनींच्या दारात जायची बंद झाली. ठराव वगैरे कोणी केला नाही; ठराव केला की पोलीस येतात. त्यांचं घर जवळ आलं की ढोलवाल्यांना पुढच्या घराची घाई होई, इतकंच. वहिनी तीन शिमगे अंगण सारवून, ओटीचं ताट हातात धरून उभ्या राहिल्या.

चौथ्या वर्षी मुंबईकर मंडळाने सहाणेवर 'एक गाव, एक कुटुंब' असा मोठा फलक लावला होता. त्याच्याच सावलीत आम्ही सगळे उभे होतो. ऊन मी म्हणत होतं. नाना गाऱ्हाण्याला उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, तुझी पालखी वरच्या वाडीत जाऊंदे."

"होय म्हाराजा."

"खालच्या वाडीत जाऊंदे."

"होय म्हाराजा."

"सुमनच्या दारात जाऊंदे."

कोणी बोललं नाही. मीही नाही. मागे ढोलाची दोरी आवळणाऱ्याचा हात तसाच राहिला.

"सुमनच्या दारात जाऊंदे," नाना पुन्हा म्हणाले, त्याच आवाजात.

"नाना, पुढं चला," बापू म्हणाले.

"पुढं कसा जाऊ? उत्तर आलेला नाय."

"मान हलवली हो नाना, उरका आता," मागून कोणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले. मंडळाच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. त्यांची परतीची गाडी संध्याकाळची होती.

"देवाला ऐकू जायला होवा," नाना म्हणाले.

बापू पुढे आले, अगदी नानांच्या तोंडासमोर. "हे तुम्हाला जड जाईल."

"जाऊंदे," नाना म्हणाले. पालखीला हात लावायची मात्र कोणाची छाती होईना.

माझ्या जिभेवर दोन शब्द होते आणि मी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो माझ्या.

"होय म्हाराजा."

आवाज बाईचा होता. बायका गाऱ्हाण्याला उत्तर देत नाहीत. सहाणेच्या कडेला बसलेली बापूंची आई म्हणाली होती. सगळे वळून बघायला लागले तशी ती म्हणाली, "बघताव काय? पाय दुखतत माझे. म्हणा आणि उचला."

मग सगळे म्हणाले. मीही. माझा आवाज बराच मोठा होता.

वहिनींच्या अंगणात पालखी नाचली. ओटी भरताना त्यांच्या हातून नारळ दोनदा घसरला. नाना आत आलेच नाहीत. कुंपणाबाहेर उभे राहून त्यांनी कोणाकडून तरी पाणी मागून घेतलं.

पुढच्या वर्षी, वयोमानानुसार विश्रांती म्हणून, नानांकडचं गाऱ्हाणं काढून घेतलं. शाल दिली, अध्यक्ष त्यांच्या त्यागाबद्दल बोलले. बापूंचा पुतण्या छापील कागदावरून घरांची नावं वाचायला लागला. नाना गर्दीत माझ्या शेजारी उभे होते. तीन पिढ्यांचा मान गेलेला माणूस कसा दिसतो ते मी चोरून बघत होतो.

"सुमनच्या दारात जाऊंदे," पुतण्याने वाचलं. कागदावर होतं म्हणून वाचलं.

नाना सगळ्यांच्या आधी म्हणाले, "होय म्हाराजा." आणि शाल घडी करून काखेत मारली, उकडत होतं.