पाचव्या पायरीवरचा डबा

महाडच्या माणसाला कुठलीही जपायची वस्तू द्या, तो आधी विचार करणार, ही पाण्याच्या वर कुठे ठेवू? आमच्या घरातल्या भिंतीवर जुन्या पुरांच्या रेघा होत्या, आणि रंगकाम काढलं की बाबा तेवढ्या रेघा मुद्दाम तशाच ठेवायला लावत. सावित्री नदीचं पाणी वाढायला लागलं की कुणाला काही सांगावं लागत नसे. तांदूळ, गाद्या, शाळेचे दाखले, देव्हाऱ्यातले देव, सगळं जिन्याने माळ्यावर जायचं. वर गेलं ते वाचलं, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून इतकं पक्कं बसलेलं की त्यावर कधी शंका घ्यावी असं वाटलंच नाही. तिथेच माझा घात झाला, आणि माझ्यापेक्षाही बाबांचा.

आईच्या कॅसेटींबद्दल सांगते आहे मी.

आई पोलादपूरच्या वरच्या अंगाची. उमरठच्याही पुढे, डोंगरात तिची वाडी. शाळा तिने बाहेरूनच पाहिली. तिचा थोरला भाऊ, माझा मामा, मुंबईला कारखान्यात होता. बाबा प्राथमिक शिक्षक, त्यामुळे पत्र लिहून द्यायला कायम तयार. पण आईला ते बिलकूल पसंत नव्हतं. "तुमी माजं बोलणं धुऊन, इस्त्री करून धाडता. दादाला वाटंल, कुणा मास्तरणीचं पत्र आलं." मग घरात टेपरेकॉर्डर आला. दुपारी भांडी आटोपली की आई पदर खोचून त्याच्यासमोर बसायची आणि मामाशी बोलायची. कॅसेट रुमालात बांधून मुंबईच्या एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरकडे द्यायची. मामाच्या खोलीत वाडीतलेच दहा-बाराजण राहायचे, सगळे मिळून ऐकायचे म्हणे. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या छपराची कौलं गेली, सगळं त्यात असायचं. प्रत्येक कॅसेटची सुरुवात मात्र एकच. "दादा, मी बरी हाय. तू येळेवर जेवतोस का नाय?"

मला तेव्हा त्या 'हाय-नाय'ची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? मी कॉलेजात जाणारी, आरशासमोर उभी राहून शुद्ध बोलायचा सराव करणारी. आई दारातून बघून हसायची. "ऐका हो, आपली लेक बातम्या द्यायला लागली!"

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आई गेली, चार दिवसांच्या तापाने. तेराव्याला मामा आला तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. आत नऊ कॅसेटी. एकही त्याने पुसली नव्हती की कुणाला दिली नव्हती. "दाजी, तुमच्याकडंच ऱ्हाऊंदे," एवढंच म्हणाला आणि ओसरीवर जाऊन रडला.

बाबा रोज ऐकू लागले. पण आमची हवा कसली! दोन पावसाळ्यांत फितीला बुरशी आली, आवाज गदगदायला लागला, मग एक फीत टेपमध्ये गुंतली. बाबांनी ती पेन्सिलीने गुंडाळत अख्खी सकाळ घालवली. मी तोवर गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले होते आणि माझ्या अंगात नवं वारं भरलेलं. म्हटलं, थांबा बाबा, आता आईला कायमचं वाचवते.

तेव्हा परदेशातली एक मोठी कंपनी इंटरनेटवर फुकट जागा द्यायची. फोटो ठेवा, आवाज ठेवा, जगात कुठूनही उघडा. 'तुमच्या आठवणी, कायमच्या', असं पहिल्याच पानावर होतं. कंपनीच्या मालकाचा फोटो आमच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीतही आला होता. साधा टी-शर्ट, पायात चप्पल, तोंडभर हसू. पैसा त्याच्यासाठी गौण आहे म्हणे, त्याला माणसं जोडायची आहेत. मी तो फोटो कापून क्लासच्या भिंतीवर लावला होता, आणि पोरींना सांगायचे, बघा, माणूस किती मोठा आणि राहणी किती साधी! शी! आज आठवलं की अंगावर काटा येतो. गावातला पुढारी फुकट काही वाटायला लागला की आम्ही लगेच विचारायचो, याला काय हवंय? या माणसाला मात्र मी काहीच विचारलं नाही, कारण तो इंग्रजीत बोलत होता.

टेपची वायर कॉम्प्युटरला जोडून मी आईला त्यात उतरवलं. फ्लॉपीत मावेना, सीडी करायचं यंत्र आमच्या क्लासला नव्हतं. मग दुपारी क्लास रिकामा असताना एकेक तुकडा वर चढवला. लाइन तुटायची, पुन्हा पहिल्यापासून. महिनाभर हे चाललं. नववी कॅसेट चढली तेव्हा मी घरी पळत गेले आणि बाबांना म्हटलं, "आई आता अशा माळ्यावर आहे की तिथे सावित्रीच काय, समुद्रसुद्धा पोचायचा नाही!"

त्यानंतर शनिवार सकाळ आईची झाली. बाबा इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल लावून, बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत जायचे. टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि हेडफोन लावायचे. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरायची, तेवढा वेळ श्वास रोखून बसायचे. मग पुटपुटायचे, "आली." कॅफेचा मालक मला एकदा म्हणाला, "मॅडम, सरांचा चेहरा बघवत नाही हो तेव्हा." मी मनात फुलून गेले. हे मी केलं होतं ना!

मग तो जुलै आला. तसा पूर महाडनेही क्वचित पाहिला असेल. सकाळी पाणी गल्लीत, तासाभरात उंबऱ्यावर. मी आणि बाबा जिन्यावरून वरखाली करत होतो. एका खेपेला पाहिलं तर बाबा बिस्किटांचा डबा छातीशी धरून पाचव्या पायरीवर उभे.

"ते कशाला?" मी ओरडले. "आई वर आहेच! तो ठेवा आणि तांदळाची कोठी उचला आधी!"

बाबा क्षणभर घुटमळले. "दोन्ही जमेल गं."

"अहो, नाही जमायचं! ऐका ना माझं!"

त्यांनी ऐकलं. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेला माणूस, पण या एका विषयात मला गुरू मानत होता. डबा त्यांनी खाली टेबलावर ठेवला, टोपीसारखा जपून, आणि कोठीला हात घातला. आम्ही तांदूळ वाचवला.

पाणी ओसरल्यावर टेबल सापडलं, डबा नाही. पंचनाम्याला तलाठी आले, चिखलाने माखलेले, चार दिवसांचे जागे. काय काय गेलं, विचारत होते. त्यांनी स्वतःहून विचारलं, "सर, बाईंच्या कॅसेटी होत्या ना तुमच्याकडे?" सगळ्या गावाला ठाऊक होतं. बाबा अभिमानाने म्हणाले, "त्या लिहू नका. त्या गेलेल्या नाहीत. मुलीने वर ठेवल्यात."

टेलिफोनच्या तारा कित्येक आठवडे मेलेल्या होत्या. माझा क्लास आणि त्यातली सगळी कॉम्प्युटरं गाळात गेली, सायबर कॅफेही. कॅफे पुन्हा सुरू झाला तो दिवाळीनंतर. मी एकटीच गेले, आधी बघून घ्यावं म्हणून. पान उघडलं. आई नव्हती. 'ही सेवा बंद करण्यात आली आहे. आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार.' एवढंच.

मेल उघडली तर नोटीस केव्हाच येऊन पडलेली, ऑगस्टमधली. कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतली होती, आणि फुकटची जागा नव्या मालकांना परवडत नव्हती. आपापलं सामान अमुक तारखेपर्यंत उचलून न्या, नंतर आम्ही जबाबदार नाही. त्या तारखेला आम्ही भिंतीचा गाळ खरवडत होतो. मी मेल लिहिली, हातापाया पडले, माझं मोडकं इंग्रजी सगळं पणाला लावलं. पाठवते न पाठवते तोच उत्तर आलं: तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे. त्यापुढे काही नाही. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच.

तहसील कचेरीला आम्ही किती शिव्या दिल्यात! पण तिथे टेबल असतं, टेबलामागे माणूस असतो, त्याच्याशी भांडता येतं, त्याच्यासमोर रडता येतं. तलाठ्याला आईच्या कॅसेटी आठवत होत्या. या मेल्यांचं दार कुठे होतं की जाऊन ठोठावू? पुढे पुरवणीत त्याच माणसाचा फोटो पुन्हा आला, तेच हसू, तोच टी-शर्ट. कंपनी विकून तो आता मानवजातीच्या भल्याचा विचार करणार होता. माझ्या आईचा आवाज पुसताना त्याला आपण काही पुसतोय हे कळलंसुद्धा नसेल. रागावायचं तरी कुणावर? त्याचंच मला जास्त वाईट वाटतं, की आमच्याकडून काय गेलं ते तिकडे एकालाही माहीत नाही, आणि कधी होणारही नाही.

बाबांना मी सांगू शकले नाही. शनिवारी ते सदरा घालून तयार व्हायचे आणि मी म्हणायचे, आज नेट बंद आहे. पुढच्या शनिवारी, आज गर्दी आहे. असे पाच-सहा शनिवार गेले. मग एका शनिवारी मी वीर स्टेशनला गाडीवर कुणाला तरी आणायला गेले होते, तेव्हा ते एकटेच कॅफेत गेले. मालकाने खरं ते सांगून टाकलं. त्याला तरी काय दोष देऊ.

मी परत आले तेव्हा ते जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसले होते. टोपी हातात. मला वाटलं आता सुनावतील, 'डबा माझ्या हातात होता, तूच ठेवायला लावलास' म्हणून. मला ते हवंच होतं. ते रागावले असते तर मी निदान त्यांच्या पाया पडले असते.

पण ते म्हणाले, "मघापासून आठवतोय. ती काय बोलायची ते सगळं आठवतं गं. आवाज नाही आठवत."

मी त्यांच्या पायाशी खालच्या पायरीवर बसले.

"तू म्हणून दाखव," ते म्हणाले. "तुझा गळा तिचा आहे. ती सुरुवात करायची तसं."

मी घसा साफ केला. म्हटलं, "दादा, मी बरी हाय. तू येळेवर जेवतोस का नाय?"

शब्द तेच होते. पण तोंडातून निघाले ते आरशासमोर घोटून घोटून गुळगुळीत केलेल्या आवाजात, बातम्या दिल्यासारखे. मलाच ऐकवेना. मी पुन्हा म्हटलं, आणखी एकदा म्हटलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते, कॅफेत बसायचे तसेच, श्वास रोखून. मी थांबले तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

मग मान हलवून म्हणाले, "नाही. ही ती नाही."