खरखरीत सालीचं सफरचंद

माझी सून पहाडातली. मुलगा फौजेत, त्यानं लग्न तिकडंच जमवलं आणि तिला डिंगोऱ्यात माझ्यापाशी ठेवून ड्युटीवर गेला. वर्षभरात तिनं आमची बोली उचलली. माहेरी तिच्या दारात सफरचंदाचं एक जुनं झाड होतं. एकदा त्याची फळं घेऊन आली. तपकिरी, साल खरखरीत. मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "सफरचंद हाय का बटाटा?" खाल्लं आणि दुसरं मागितलं.

पुढं तिचे वडील वारले. भावांनी बाग विकली आणि घेणाऱ्यानं जुनी झाडं तोडायला काढली. वडिलांचे दिवस करून ती परतली, ती त्या झाडाच्या तीन काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून. "आई, तुमी द्राक्षाची कलमं बांधता. ही बी बांधा."

कलम बांधण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं मीच गावभर सांगत असते. नर्सरीतून आपल्या हवेत येणारी सफरचंदाची तीन रोपं आणली, काड्या बांधल्या, वरून शेणमातीचा लेप दिला. त्यातली दोन रोपं उन्हाळ्यात वाळली. तिसऱ्याला लेपाजवळून फांदी फुटली. द्राक्षाला देतात तसा हंगामाआधी काही दिवस पाणी तोडून त्याला ताण दिला, हातानं पानं काढली. एरवी रोज सकाळी पाणी घालताना म्हणायचे, "व्याही, घ्या पाणी." सून ओट्यावर चहा पीत हसायची.

यंदा पहिल्यांदा दोन फळं धरली. साल कधी खरखरीत होते याची मी वाट बघत बसले. ती गुळगुळीतच राहिली, वर लाली चढली. मग खाली वाकून लेप खरवडला. आत मी बांधलेली काडी केव्हाच वाळून गेली होती. फांदी बांधणीच्या खालून, नर्सरीच्या रोपाची आली होती. स्वतःचा असा संताप आला की खुरपं फेकून दिलं.

"कलम मेलंय गं," मी म्हटलं. "आता काडी तरी कुठनं आणायची?"

"मला पयल्याच वर्षी पानावरनं कळलं व्हतं, आई."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी त्याला व्याही म्हणायचा." ती पदराशी चाळा करत राहिली. "मी बोलले असते तर तुमी तसं म्हटलं नसतं."

दुसऱ्या दिवशी सवयीनं पाण्याची बादली घेऊन गेले. ती ओट्यावर कप घेऊन उभी होती, चहा न पिता. मी पाणी ओतलं. 'व्याही' हा शब्द काही तोंडातून फुटला नाही.