चामराजपेटच्या बाइंडरकडे सापडलेला तेविसावा भाग

भूत, करणी, संकेत... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. फूटपाथवर बटणं विकता विकता बंगळूरच्या चामराजपेटेत स्वतःचं लेस-बटणांचं दुकान उभं केलेली बाई मी. समोरच्याचं बोलणं निम्मंच खरं धरते. तरीही हे लिहितेय.

एका मराठी साइटवर मी गिऱ्हाइकांच्या गोष्टींची मालिका लिहायचे. काउंटरवर बसून, मोबाइलवर, थेट साइटच्या चौकटीत. कॉपी ठेवायची असते हे कुणाला माहीत! बावीस भाग झाले. तेविसावा, शेवटचा, टाइप करत असतानाच फोन बंद पडला... सगळं गेलं. रागाच्या भरात पुन्हा लिहिलाच नाही. पुढे साइटही बंद झाली.

गेल्या महिन्यात कळलं — माझ्या मालिकेचं पुस्तक येतंय, त्याच साइटवरच्या विद्याधर नावाच्या एका वाचकाच्या नावाने! प्रकाशक बाईंना फोन केला.

"पुरावा आहे का काही?"

माझ्याकडे चिटोरंही नव्हतं. वाट्टेल ते बोलून फोन आपटला.

त्याच दुपारी लेसचं सॅम्पल-बुक शिवायला म्हाताऱ्या मंजुनाथ अण्णा बाइंडरकडे गेले. डोकं तापलेलंच.

"आठ दिवस? अण्णा, पुस्तक शिवताय की लग्नाचा मांडव घालताय? परवा द्या."

"स्वल्प दम धरा, अक्का. आधी तुमचं जुनं न्या. किती वर्षं जागा अडवून बसलंय!"

फळीवरून त्यांनी लाल पाठीचं जाड बाड काढलं. पहिल्याच पानावर माझं नाव! सगळे भाग तारखांसकट छापलेले, खाली वाचकांच्या प्रतिक्रिया. विद्याधरचीसुद्धा — "अक्का, जबरदस्त! पुढचा भाग कधी?"

"कुणी दिलं हे?"

"तुमच्या दुकानाच्या पिशवीतून आलं. कुणी आणलं, देवाशपथ आठवत नाही."

मी शेवटचं पान उघडलं... तेविसावा भाग. ज्या शब्दावर फोन बंद पडला, बरोबर त्या शब्दापर्यंत.

पानांचे फोटो प्रकाशक बाईंना पाठवले. तासाभरात विद्याधरचाच फोन.

"अक्का, दोघांची नावं टाकू. मिटवून टाका ना."

"सरी, ठीक आहे, मिटवू. कव्हरवर माझं एकटीचं नाव. आणि आत तुझी माफी, ठळक टाइपात."

बराच वेळ घासाघीस करत होता. मी एक अक्षर सोडलं नाही. पुस्तक आता माझ्या नावाने छापखान्यात आहे.

माझा कॉम्प्युटरवाला भाचा म्हणतो, न पाठवलेला मजकूर कुणाला छापताच येणार नाही. बाड त्याच्यासमोर ठेवलं तर शेवटचं पान तीनदा उलटून पाहिलं त्याने. अर्धं राहिलेलं ते वाक्य मात्र मी काल पूर्ण केलं. आधी कागदावर.