नऊ नंबरच्या ट्रंकेची यादी

आमच्या गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा येणारा पाहुणा दिवाणावर बसला की दिवाण खणकन वाजायचा. पाहुणा दचकायचा आणि मी चहा टाकायला आत पळायची, कारण तो दिवाण नव्हताच. काळ्या पत्र्याच्या दोन ट्रंका, त्यावर गादी, गादीवर पलंगपोस. टीव्ही तिसऱ्या ट्रंकेवर. चौथीवर देव, आणि देवांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. उरलेल्या सात ट्रंका दुसऱ्या खोलीत एकीवर एक चढून बसल्या होत्या. नवऱ्याची अठ्ठावीस वर्षं फौजेत गेली. निवृत्त होऊन फ्लॅट घेतला त्यालाही सहा वर्षं झाली होती, पण या अकरा ट्रंकांना ते कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

फौजी घरात ट्रंक म्हणजे घरच. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नंबर, नवऱ्याचं नाव आणि 'कुठून–कुठे'. बदली झाली की नवरा जुनं गाव काळ्या रंगाने पुसायचा आणि नवं गाव पांढऱ्याने लिहायचा. झाकणाच्या आत कणकेच्या खळीने चिकटवलेली यादी असायची, ते काम माझं. आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही: पहिल्या दोन-तीन बदल्यांनंतर मी ट्रंका उघडून बघणं सोडून दिलं. झाकण वीतभर उचलायचं, जुनी यादी वाचायची, तीच नव्या कागदावर उतरवायची आणि कुलूप लावायचं. खाली तीन-टनी ट्रक उभा, जवान घाई करताहेत, पोर रडतंय, अशा वेळी कोण तळापर्यंत हात घालणार?

तर अशी सहा वर्षं गेली आणि नोएडाहून मुलीचा फोन आला. तिला सातवा महिना लागला होता. पहिलंच बाळंतपण माहेरी, हे मी तिच्या लग्नाआधीपासून ठरवून टाकलेलं.

"आई, मी इथेच राहीन म्हणते," ती म्हणाली. "सोसायटीत एक जापेवाली येते, बाळ-बाळंतिणीचं मालिश, आंघोळ सगळं बघते. सगळ्यांनी तिलाच ठेवलं होतं."

"आणि माहेर?"

"माहेरी झोपू कुठे, यार? ट्रंकेवर?"

मग तीच नरमली. "अच्छा, रागावू नको. पण तुला माहीत आहे ना, त्या खोलीत गेले की मला शिंका सुरू होतात, दम लागतो. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितलंय. बाळाला घेऊन मी कशी राहू तिथे?"

तिचं बिल्कुल खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. ही पोरगी जन्मली तेव्हा मी दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये एकटी होते. आई साताऱ्याकडे गावी, नवरा सीमेवर. तिला ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली होती की तिला पाठ होती. गोष्टीच्या शेवटी मी नेहमी म्हणायचे, तुला मी असं एकटं पडू देणार नाही. आणि आता माझ्याच घरात तिला पाठ टेकायला जागा नव्हती.

हातात जेमतेम सात-आठ आठवडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला आणि अकराच्या अकरा ट्रंका उघडल्या. दुपारपर्यंत घरात पाऊल टाकायला जागा उरली नाही. स्वेटर, परातींचे ढीग, तीन सोऱ्ये, शाळेच्या वह्या, गॅसच्या जुन्या शेगडीचे पाय (शेगडी कधीच गेली होती). नवरा चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला, कारण कप ठेवायलाही जागा नव्हती. मी मुलीची तिसरीतली वही हातात घेऊन रडत बसले. संध्याकाळी सगळं पुन्हा कोंबलं. गंमत म्हणजे जेवढं काढलं तेवढंही आत मावेना. अकरा ट्रंका आणि वर चार बोचकी, असा माझ्या पहिल्या दिवसाचा पराक्रम.

नवरा मितभाषी माणूस. सकाळी चहा पिताना म्हणाला, "अगं, पोस्टिंग आलंय असं समज."

"कुठलं?"

"गाझियाबाद. आपण अजून इथे आलोच नाही. नुसतं सामान येऊन पडलंय."

मी चिडणार होते, पण त्याचं म्हणणं इतकं बरोबर होतं की चिडायला जमलं नाही. त्याने सगळ्या ट्रंकांना कुलपं लावली आणि किल्ल्या शर्टाच्या खिशात टाकल्या. दिवसाला एकच किल्ली मिळणार. सकाळचा चहा झाल्यावर ट्रंक उघडायची आणि नळाला पाणी येईपर्यंतच काम करायचं. पाणी आलं की त्या दिवसाचं संपलं, हात धुवायचे. एखाद्या वस्तूपाशी मी अडले तर वाद नाही, ती परत आत, पुढच्या फेरीत बघू. आणि सुरुवात जिथे जीव गुंतलेला नाही अशा ट्रंकेपासून.

त्याने पहिली किल्ली दिली ती चार नंबरची. तिच्यात पडदे होते, फक्त पडदे. फौजेच्या प्रत्येक क्वार्टरची खिडकी वेगळ्या मापाची. दर बदलीला मी नवे शिवायची आणि जुने जपून ठेवायची, पुढच्या गावी बसतील म्हणून. ते कुठेच बसले नाहीत. त्या सकाळी मी एकेक पडदा आमच्या खिडकीला लावून बघत होते आणि नवरा वर्दीतल्या आवाजात निकाल देत होता, "छोटा! लंबा! छोटा!" हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई सगळे पडदे घेऊन गेली, पिशव्या शिवायला. पाणी आलं तेव्हा चार नंबर रिकामी होती आणि मला चक्क अजून एक उघडावीशी वाटत होती. किल्ली मिळाली नाही.

मग रोजचं सुरू झालं. एक सोऱ्या ठेवून दोन वाटले. पराती गुरुद्वाऱ्याच्या लंगरला दिल्या. कबाडीवाला दर रविवारी हाक मारायचा आणि रिकाम्या ट्रंका त्याच्या गाडीवर चढायच्या. प्रत्येक ट्रंक जाताना मी तिच्या झाकणावरून हात फिरवायची. वेडेपणा म्हणा हवं तर, पण या पत्र्याने माझा संसार आठ गावं कोरडा ठेवला होता, थँक्यू म्हणायला काय जातंय? काही दिवस एकही ट्रंक झाली नाही, पाहुणे आले, माझे गुडघे दुखले. नवरा म्हणायचा, "हॉल्ट." दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. चौथ्या आठवड्यात दुसऱ्या खोलीची खिडकी मोकळी झाली. त्या खोलीला खिडकी आहे हे मला माहीत होतं, तिच्यातून एवढं ऊन येतं हे मात्र विसरून गेले होते.

नऊ नंबरची किल्ली त्यानंतर मिळाली. झाकणातल्या यादीत माझ्याच अक्षरात एकच ओळ होती: 'जुने गरम कपडे.' मुलगी वर्षाची असताना गरम मुलखात बदली झाली, तेव्हा भरलेली ही ट्रंक. थंडीच्या गावी परत येईपर्यंत तिला ते स्वेटर होईनासे झाले होते, म्हणून पुन्हा कधी तळापर्यंत बघितलीच नाही, ओळ तेवढी उतरवत आले; पहिल्या दिवशीच्या गोंधळातही वरचे दोन-चार स्वेटरच बाहेर आले होते. स्वेटरना कसर लागली होती. ते मी न अडता बाहेर काढले आणि तळाला हात गेला तर पंच्यात बांधलेलं एक गाठोडं लागलं. यादीत ते नव्हतं.

फरशीवर बसून मी गाठ सोडली. आत दुपटी होती. चार फिक्या पिस्ता रंगाची, पगडीच्या कापडाची. दोन तलम साडीची, काठ अजून पिवळा. एक माझ्या पातळाचं. आणि लोकरीची लाल कुंची.

समोरच्या क्वार्टरमधल्या पंजाबी बाईने नवऱ्याची पगडी फाडून ती दुपटी केली होती. शेजारच्या तमिळ बाईने स्वतःची साडी. टोकाच्या घरातल्या गढवाली बाईने कुंची विणली होती. माझं माहेरचं तिकीट पंधरा दिवसांनंतरचं होतं आणि कळा आधीच सुरू झाल्या. पंजाबीणीने मला मिलिटरी हॉस्पिटलात नेलं. आम्ही नुकतेच बदलून आलो होतो, आल्या आल्या नवऱ्याला सीमेवर पाठवलं होतं, सामान न उघडलेलं, निजायच्या खोलीत दारापर्यंत ट्रंका. चार दिवसांनी मी बाळाला घेऊन परतले तर खोली रिकामी. तिघींनी मिळून सगळ्या ट्रंका व्हरांड्यात नेऊन ताडपत्रीखाली ठेवल्या होत्या, फरशी धुतली होती, खाट खिडकीपाशी ओढली होती, सिगडी पेटवली होती. जानेवारीची थंडी होती. पुढे सव्वा महिना एक कणीक-तुपाची पंजिरी आणायची, एक लसूण-मिऱ्याचं रसम आणायची. गढवालीण रोज बाळाला मोहरीचं तेल चोळायची आणि मी खोबरेलासाठी तिच्याशी भांडायची.

आणि त्याच खाटेवर बसून मी आईला पत्र लिहिलं होतं, की मी इथे अगदी एकटी आहे. माझ्या लेखी माणसं म्हणजे आई आणि नवरा. तेव्हापासून तीच ओळ उतरवत आले.

नवरा दारातून म्हणाला, "अडलं का? परत आत ठेवू?"

"नको. हे बाहेर राहू दे." मग मी म्हणाले, "अहो, तुम्ही नव्हतात म्हणून मी इतकी वर्षं तुमच्यावर राग धरला."

"ते माहीत आहे," तो म्हणाला आणि माझ्याजवळ फरशीवर येऊन बसला. त्या दिवशी नळाला पाणी येऊन गेलं, कुणी उठलं नाही.

त्या तिघी आता कुठे असतील, देव जाणे. बदल्यांमागून बदल्या झाल्या, पत्रं थांबली. त्यांचे आभार मी तेव्हा मानले नाहीत. आता मानायचे तर पत्ता नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

नववा महिना लागला आणि मुलगी आली. खोलीत खिडकीपाशी पलंग, धुतलेले पडदे (मापाचे), आणि पायथ्याशी एकच ट्रंक. नवऱ्याने ती रंगवली होती. 'कुठून'पुढे दिल्ली कॅन्टोन्मेंट आणि 'कुठे'पुढे नोएडा. मुलगी दारात उभी राहून श्वास घेत होती, शिंक येते का बघत. आली नाही. मग पलंगावर टेकून तिने झाकण उघडलं. यादी मी नव्याने लिहिली होती, या वेळी एकेक वस्तू हातात घेऊन. ती मोठ्याने वाचू लागली.

"दुपटी चार, समोरच्या पंजाबी काकूंनी दिलेली. दुपटी दोन, तमिळ काकूंच्या साडीची. दुपटं एक, आईचं. कुंची एक, गढवाली मावशीने विणलेली. खोली एक, तिघींनी रिकामी करून दिलेली."

शेवटची ओळ तिने पुन्हा मनात वाचली असावी.

"आई, तू तर नेहमी सांगायचीस, मी झाले तेव्हा तू बिल्कुल एकटी होतीस."

"सांगायचे खरी," मी म्हणाले. "ट्रंक न उघडताच सांगायचे."