पाच सक तीस

स्वयंपाकघराची फरशी बदलायची ठरली तेव्हा मी घरात जाहीर केलं, की एकही फरशी कापावी लागणार नाही. खोली बारा बाय दहा फूट, फरशी दोन फुटांची चौरस. सहा आडव्या, पाच उभ्या. पाच सक तीस. आयत चौरसांनी भरणं हा माझा शाळेतला लाडका पाठ. बत्तीस वर्षं मी तो फळ्यावर रंगवला होता.

शहागंजातला दुकानदार म्हणाला, “चार-पाच जास्त घेऊन ठेवा सर, कापाकापीला लागतात.” मला त्याची कीव आली. मी मोजून तीसच आणल्या. बायको म्हणाली, “बघा हं. एक जरी कमी पडली, तर पुन्हा घरात भूमितीचं नाव काढायचं नाही.” म्हणजे निवृत्तीनंतर उरलेलं माझं एकमेव संभाषणच पणाला लागलं.

मिस्त्री आला. त्यानं कोपऱ्यात काहीतरी टेकवलं आणि मान हलवली. “सर, खोली गुण्यात नाय.”

मला राग आला. गुण्य, गुणक, गुणाकार मी शिकवायचे आणि यानं माझ्या गुणाकारात चूक काढायची?

“गुणाकार बरोबर आहे,” मी म्हणालो. “पाच सक तीस!”

“तीसच व्हत्यात की. पन गुण्यात नाय.”

“पाढे येतात का तुम्हाला?”

त्यानं शांतपणे हातातली लोखंडी काटकोनी पट्टी माझ्या नाकासमोर धरली. “ह्यो गुण्या.” मग ती पुन्हा कोपऱ्यात लावली. एका भिंतीला चिकटली, दुसरीपासून फटकून राहिली. माझी खोली आयत नव्हतीच.

तरी मी हट्टानं फरश्या लावून घेतल्या. तिसावी बसली. शेवटच्या ओळीला एका टोकाला भिंत भिडली आणि दुसऱ्या टोकाला चार बोटं फट उरली. ती झाकायला मी तिथं पाय ठेवून उभा राहिलो, पण पाऊल पुरेना.

मिस्त्री हसला. “राग नका मानू सर, पन ह्या घराचा पाया आखला कोन्या येड्यानं?”

मी छताकडं पाहू लागलो. पाया आखायच्या दिवशी “काटकोन मला शिकवू नका” म्हणत गवंड्याच्या हातातली दोरी मीच हिसकावून घेतली होती.

दारातून बायको म्हणाली, “ते काय, फटीवर पाय ठेवून उभे आहेत ते.”